हात धरला तर आधी ओरड

सोलापूरच्या पूर्व भागातल्या मुलींना मी संध्याकाळी कराटे शिकवते. बऱ्याच जणींच्या आया बिड्या वळतात, कुणाचे वडील यंत्रमागावर. सगळ्या मला अक्का म्हणतात. नवी आलेली प्रत्येक पोरगी म्हणते, लाथ शिकवा. मी आधी ओरडायला शिकवते. ‘सोड!’ पोटातून, मागाच्या खडखडाटातही शेजारच्या शेडला ऐकू जाईल असं. हेच त्यांना जड जातं. जन्मभर ‘हळू बोल’ ऐकलेलं असतं ना!

मग मनगट. कुणी धरलं तर सरळ मागं ओढू नका, ताकदीत तोच भारी पडतो. त्याचा अंगठा आणि बोटं जिथं भेटतात तिथं पकड कच्ची असते. मनगटाची अरुंद कड त्या फटीकडं वळवा, कोपर त्याच्याकडं ढकला आणि हात झटक्यात आपल्या खांद्याकडं आणा. सुटलात की उजेडाकडं, माणसांकडं पळा. थांबून मारामारी नको. घरी बहिणीला घट्ट धरायला लावून दोन्ही हातांनी रोज करा, वाचून हे येत नाही.

रोज कुणी मागं येत असेल तर तारीख, वेळ, जागा, गाडीचा नंबर वहीत लिहा. त्याचे मेसेज रागानं पुसू नका, तोच पुरावा. पाठलाग हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, आणि ‘आमची हद्द नाही’ म्हणून कुठलंही ठाणं परत पाठवू शकत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, मागा. त्या क्षणी धोका असेल तर 112.

पण खरा त्रास अंधाऱ्या गल्लीत कमी, ओळखीच्या माणसाकडून जास्त. बिडी कारखान्यात चेकर चांगल्या बिड्याही खराब ठरवून छाट काढतो आणि ‘आत ये, बघू’ म्हणतो. तिथं कराटे काय कामाचं? तिथं कागद लागतो. कामाच्या जागी झालेल्या छळाची लेखी तक्रार 3 महिन्यांच्या आत द्यायची. दहा किंवा जास्त कामगार असतील तर तिथल्याच अंतर्गत समितीकडं. कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाचीच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. अर्जाच्या सहा प्रती काढा, साक्षीदारांची नावं-पत्ते घाला. लिहिता येत नसेल तर समितीनंच मदत करायची असते. आमच्या थोरल्या मुली तर आयांचे अर्ज स्वतःच लिहून देतात. द्यायला मात्र दोघी-तिघी मिळून जा.