सेन्सरचा डेटा फाइलमध्ये लिहिताना या चुका टाळा

रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर पायथन भाषेतल्या प्रोग्रामने तापमान नोंदवणारे लोक अडकले की सेन्सरवर संशय घेतात. सेन्सर बहुधा ठणठणीत असतो. घोळ फाइल लिहिण्यात असतो.

सगळ्यात घातक सवय म्हणजे रीडिंग मेमरीतल्या लिस्टमध्ये साठवत राहायचं आणि प्रोग्राम बंद होताना एकदम सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) लिहायची. नाशिककडच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हेच केलेलं मी पाहिलं. खोली शून्य अंशाच्या आसपास ठेवायची, आत डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर. संध्याकाळी कॉम्प्रेसर ट्रिप झाला. खोली रात्रभर तापत गेली आणि प्रोग्राम इमानेइतबारे रीडिंग घेत राहिला. पहाटे लाइट क्षणभर गेली, पाय रीबूट झाला आणि लिस्ट पुसली गेली. माल कधीपासून तापला, एवढंच मालकाला हवं होतं. फाइलमध्ये रकान्यांची नावं तेवढी होती. टेबलावर दोन तास चालवून ‘झालं’ म्हणणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो. तिथे लाइट जात नाही.

नुसतं ‘राइट’ केलं म्हणजे डेटा पायच्या मेमरी कार्डावर गेला असंही नाही. तो आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतो. ८ केबीचा बफर धरा. ३० बाइटची ओळ दर १० सेकंदांनी लिहिली, तर तो भरायला पाऊण तास लागतो. ‘फ्लश’ने डेटा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, कार्डावर उतरवायला ‘एफसिंक’ लागतं.

हे कळलं की उतावळे लोक दर रीडिंगला फाइल उघडतात, एफसिंक करतात, बंद करतात. तापमानाला ते खपून जातं. कंपनाचा सेन्सर सेकंदाला १०० रीडिंग देत असेल, तर दोन रीडिंगमध्ये १० मिलिसेकंदच मिळतात. कार्ड त्याहून जास्त वेळ अडलं की रीडिंग हुकतात, शिवाय कार्ड झिजतं ते वेगळंच.

किती सेकंदांचा डेटा गेला तर चालेल, हे मी आधी ठरवतो. फाइल दिवसातून एकदाच अपेंड मोडमध्ये, म्हणजे जुन्या ओळींच्या पुढे लिहिण्यासाठी, उघडतो. संथ सेन्सरला दर ओळीला फ्लश, मिनिटाला एफसिंक. वेगवान सेन्सरला प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे भाग, करतो: एक रीडिंग वाचून क्यूमध्ये (रांगेत) टाकतो, दुसरा सेकंदाला एकदा गठ्ठ्याने लिहितो.

बाकी थोडक्यात. ‘स्लीप १’ (एक सेकंद थांब) म्हणजे दर सेकंदाला रीडिंग नव्हे, कारण वाचायला लागणारा वेळ त्यात मिळवावा लागतो. डीएस१८बी२०ला १२ बिटांवर वाचायलाच ७५० मिलिसेकंदांपर्यंत लागतात. पुढची वेळ मोनोटॉनिक घड्याळावरून (कधीच मागे न जाणाऱ्या) काढा. अचानक ८५ अंश दिसले तर ती सेन्सरची पॉवर-ऑन किंमत (वीज मिळाल्यावर मोजण्याआधीचा आकडा) असू शकते, आग नव्हे. पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत वीज गेल्यावरही चालू राहणारं स्वतःचं घड्याळ नाही, ते वेळ इंटरनेटवरून घेतात. इंटरनेट नसेल तिथे डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल लावाच. फाइल रोज नवी.

बसवण्याआधी प्रोग्राम चालू असतानाच पायची विजेची पिन उपटून बघा. शेवटची ओळ अर्धवट सापडली तर वाचणाऱ्या प्रोग्रामने रकाने मोजून ती गाळावी, आणि लिहिणाऱ्याने सुरू होताना आधी नवी ओळ सुरू करावी, म्हणजे अर्धवट ओळीला पुढची चिकटत नाही.