शेअर्ड सर्व्हरवर टॉमकॅट चढवताय? या चुका टाळा

"टॉमकॅट रात्री आपोआप बंद पडतो, लॉगमध्ये काहीच नाही." जावाची वेब अ‍ॅप्स चालवणाऱ्या या सर्व्हरबद्दल हे मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं वाक्यही मला पाठ आहे: "काढून पुन्हा टाकला, तरी तेच." अहो, पण पडला का ते बघितलंत का?

बहुतेक वेळा भानगड मेमरीची असते. मी स्वतः यात दोन रात्री घालवल्यात. ४ जीबीचं मशीन, त्यावरच अपाचे, पीएचपीच्या साइट्स आणि मायएसक्यूएल. मी ऐटीत एक्सएमएक्स (जावाची मेमरी-मर्यादा) ३ जीबी दिला. दिवसभर सगळं सुरळीत, पहाटे बॅकअप सुरू झाला की टॉमकॅट गायब. कॅटलिना डॉट आउट या टॉमकॅटच्या लॉगमध्ये एरर नाही, म्हणून मी कोड उकरत बसलो. एरर येणार कुठून? मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या कर्नलच्या ओओएम किलरने ती थेट उडवली होती. जावाला हूं की चूं करायची सवड मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालवलं, तर तिथे एका ओळीत सगळा खुलासा.

एक्सएमएक्स म्हणजे फक्त हीप, प्रोग्रॅमचा डेटा राहतो ती जागा. मेटास्पेस (क्लासची माहिती राहते ती जागा), कोड कॅश, थ्रेडचे स्टॅक हे सगळं त्याच्या बाहेर, आणि टॉमकॅट मुळात २०० थ्रेडपर्यंत जातो. एक्सएमएक्स दिलाच नाही, तर जेव्हीएम (जावा चालवणारं इंजिन) हीपची कमाल मर्यादा साधारण मशीनच्या रॅमच्या पावपट धरतो. शेजारी कोण राहतं याची त्याला फिकीर नसते. माझी सवय अशी: बाकीच्यांना किती लागतं ते आठवडाभर बघायचं, बॅकअपच्या वेळेसकट, आणि उरलेल्याच्या निम्मं हीपला द्यायचं. कंजूषपणा वाटेल, पण तेव्हापासून मी पहाटे उठलेलो नाही.

टॉमकॅट रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरने, चालवू नका. ८० पोर्टसाठी म्हणून चालवत असाल तर पुढे अपाचे किंवा एनजिनएक्स प्रॉक्सी ठेवा. परवानगीची अडचण ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) देऊन सोडवणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्या मशीनवर लॉगिन मागत नाही इतकंच.

एकाच मशीनवर दुसरा टॉमकॅट? वेबचा पोर्ट ८०८० बदलता, ८००५ विसरता. तो शटडाउन पोर्ट आहे, तोही बदला.

एजेपी (अपाचे आणि टॉमकॅटमधला जोडणीचा प्रोटोकॉल) लागत नसेल तर बंद. २०२० मधली घोस्टकॅट ही सुरक्षा-त्रुटी त्याच दारातून आत आली होती.

चालू टॉमकॅटवर दिवसातून दहा वेळा नवी वॉर फाइल (अ‍ॅपचं गाठोडं) टाकायची घाई मला कळते, पण जुन्या अ‍ॅपचे क्लास लोड करणारा क्लासलोडर अडकून राहिला की मेटास्पेस भरत जातो. मी सरळ रीस्टार्ट करतो.

आणि जुनी वॉर टॉमकॅट १० वर टाकून ४०४ बघत बसणारे! तिथे कोडमधल्या पॅकेजांच्या नावात जावाएक्सच्या जागी जकार्ता आलंय. अ‍ॅप बिनबोभाट चढतं आणि काहीच करत नाही. टॉमकॅट ९ वापरा, नाहीतर ती वॉर वेबअ‍ॅप्स-जावाईई फोल्डरमध्ये ठेवा, टॉमकॅट स्वतः बदल करून घेतो. फक्त ते फोल्डर आधी आपण बनवावं लागतं.