जुना टाटा १२१० घ्यायचाय? आधी चेसिस वाचा

घराच्या शेतावर, हौसेखातर किंवा जपून ठेवायला म्हणून जुना ट्रक घेणारे हल्ली बरेच भेटतात. जवळजवळ सगळे इंजिनाचा आवाज ऐकून आणि रंग बघून पैसे देतात. इंजिन कुठलाही चांगला मिस्त्री बांधून देईल, सुटे भाग मिळतील, रंग तर चार दिवसांत होतो. चेसिस (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि आरसी (नोंदणीचा कागद) मात्र जशी आहे तशीच गळ्यात पडते. म्हणून माझा क्रम उलटा आहे.

ओळख. केबिनवरून साल सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या काळी बहुतेक ट्रक नुसती चेसिस म्हणून विकले जायचे आणि केबिन, हौदा, फाळके गावोगावचे बॉडीवाले बांधायचे. सत्तरच्या दशकातल्या गाडीवर नव्वदची केबिन सर्रास दिसते. जाळीवरच्या मर्सिडीजच्या ताऱ्याचंही तेच. टेल्को (टाटाची तेव्हाची ट्रक कंपनी) आणि मर्सिडीजवाले डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ चालला. तो संपल्यावर तारा जाऊन टाटाचा 'टी' आला. पण तारा दोन स्क्रूंवर बसतो, आणि 'ओरिजिनल मर्सिडीज' म्हटलं की भाव चढतो. आरसीवर १९७८ असेल तर ताऱ्याचे जादा पैसे देऊ नका. आकड्यांचा अर्थ सोपा आहे: १२१० म्हणजे ढोबळमानाने १२ टन आणि १०० अश्वशक्ती. आरसीवर ग्रॉस वजन ७,५०० किलोच्या वर आणि १२,००० पर्यंत असेल तर गाडी कायद्याने मध्यम, त्यापुढे अवजड. लायसन्स त्याप्रमाणे लागेल.

चेसिस नंबर. इथे मी एकदा चांगलाच ठेचकाळलोय, म्हणून सविस्तर लिहितो. पहिल्या ट्रकच्या वेळी मी नंबर टॉर्चच्या उजेडात वाचला, आरसीशी जुळला, व्यवहार केला. ट्रान्सफरच्या वेळी घासल्यावर रंगाखालून खरा आकडा वर आला. जो '८' वाटला होता तो '३' होता, उरलेला अर्धा भाग ऑइल पेंटच्या थराचा. ट्रक दोन वर्षं चिंचेखाली उभा राहिला. विकणारा केव्हाच पैसे घेऊन मोकळा झाला होता.

आता मी सकाळच्या उजेडात जातो. तारेचा ब्रश, रॉकेलचं फडकं, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल बरोबर असते. नंबराची जागा रॉकेलने पुसायची, ब्रश हलक्या हाताने मारायचा. ग्राइंडर अजिबात लावायचा नाही. त्याच्या रेघा राहिल्या की उद्या इन्स्पेक्टर तुमच्याकडेच संशयाने बघेल. कागद नंबरवर घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवली की आकडे पांढरे उमटतात. ही छाप आरसीशेजारी ठेवून एकेक आकडा बोट ठेवून जुळवा.

जुळला की थांबू नका. नंबरात एकच आकडा दोनदा आला असेल तर दोन्ही शेजारी बघा: एकाच ठशाचे असतील तर दोन्हींचं पोट, शेपूट, जाडी सारखी असते. एक खोल आणि एक उथळ, किंवा ओळ वाकडी, तर तिथे कुणाचा तरी हात लागलाय. भोवतालचा पत्रा बोटाने चाचपा. घासून पातळ झालेला खळगा किंवा तुकडा बसवल्याची वेल्डिंगची कड बोटाला लगेच कळते. गंजून नंबर पुसट झाला असेल तर आरटीओच्या लेखी परवानगीने तो पुन्हा ठोकता येतो, नोंदही होते. "आपला माणूस आहे, ठोकून देईल" असं विकणारा म्हणाला, की चहा संपवून निघा.

चेसिसची तब्येत. केबिनच्या मागे आणि कमानपाट्यांच्या हँगरजवळ (पाट्या चेसिसला टांगतात तिथे) रिव्हेटच्या भोवती तडे शोधा. रिव्हेटच्या जागी बोल्ट असला तर तिथे काम झालंय, विचारा. पट्टी मारलेली चालेल. पण वरच्या किंवा खालच्या कडेवर आडवी वेल्डिंग दिसली तर मी तो ट्रक फुकटही घेणार नाही. भार पडला की त्याच रेषेत तो उलतो.

इंजिन. थंड असताना चालू करा. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भकाभका धूर आला तर भाव पाडा. बस.

कागद. १९८९ आधीचा, 'एम'ने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचा नंबर असेल तर तो 'वाहन' या सरकारी नोंदणी पोर्टलवर दिसतो का ते आधी बघा. नसेल तर बॅकलॉग एंट्री (जुनी नोंद पोर्टलवर चढवणं) विकणाऱ्याने करून द्यावी, पैसे त्यानंतर. आरसीवर जुन्या फायनान्सचा बोजा असेल तर फायनान्स कंपनीच्या सहीचा फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हवाच. ती कंपनी बंद पडली असली तर ते निस्तरणं विकणाऱ्याकडे ठेवा. मालक वारलेला असेल तर आधी वारसांच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी होऊ दे, मग तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. नोंदणी रद्द झालेला ट्रक सुट्या भागांच्या भावातच घ्या.

"घरच्या वापराला परमिट लागत नाही" हा सल्ला चुकीचा आहे. मालवाहू गाडीची ती सूट ३,००० किलो ग्रॉस वजनापर्यंतच आहे, तुमचा १२१० त्यात बसत नाही. फिटनेस दरवर्षी, पर्यावरण कर वेगळा.

दुसरा गोड गैरसमज विंटेज नंबराचा. २०२१ च्या नियमाने 'व्हीए' मालिकेचा नंबर ५० वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या, बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकींना मिळतो. नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. तो नंबर घेतल्यावर गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणता येते, ऊस किंवा शेणखत वाहता येत नाही. आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या सहा टायरी ट्रकला तो मिळेल असं एजंटाच्या तोंडी शब्दावर धरून चालू नका. ज्या आरटीओत गाडी नोंदवायची तिथे अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या, मग बयाणा द्या. बयाण्याच्या पावतीवर चेसिस नंबर लिहून घ्या आणि पेन्सिलची छाप तिला टाचा.