रहाडीचं फुटेज तीन मशीनवर वाटण्याआधी

रंगपंचमीला नाशिकच्या शनी चौकात आणि तिवंध्याला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जमिनीतल्या हौदात, धप्पा (उडी) मारणारी माणसं तीन कॅमेरे आणि दोन फोनवर टिपायची आणि एडिट तिघांत वाटून घ्यायचं ठरलं, की मी लेन्सच्या आधी एडिटिंग सॉफ्टवेअरचं व्हर्जन विचारतो. मी पंचवटीत, एक मित्र कॉलेज रोडला, आवाजाचं काम करणारी ताई पुण्यात. तिघांनी आपापल्या सॉफ्टवेअरचा पूर्ण आकडा, पॉइंटनंतरचासुद्धा, ग्रुपवर टाकायचा. ज्याचं व्हर्जन सगळ्यात जुनं, तेच सगळ्यांचं.

कारण ही वाट एका दिशेची आहे. नवं व्हर्जन जुना प्रोजेक्ट उघडतं, जुनं व्हर्जन नवा उघडत नाही. अडोबीचं एडिटिंग सॉफ्टवेअर प्रीमिअर जुना प्रोजेक्ट नव्या नावाने रूपांतरित करून घेतं, त्यामुळे मूळ फाइल शाबूत राहते. पण त्या प्रतीवर चार दिवस केलेलं काम मागे नेता येत नाही. दा विंची रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर मोठ्या अपडेटनंतर प्रोजेक्ट लायब्ररीच, म्हणजे सगळे प्रोजेक्ट साठतात ती जागाच, अपग्रेड करायला सांगतं, म्हणून आधी तिचा बॅकअप घ्यायचा आणि तो दुसऱ्या डिस्कवर ठेवायचा. एकाकडे फुकटचं रिझॉल्व्ह आणि दुसऱ्याकडे त्याचीच विकतची आवृत्ती, स्टुडिओ, असेल तर स्टुडिओतले खास इफेक्ट, उदाहरणार्थ चित्रातले दाणे घालवणारं टेम्पोरल नॉइज रिडक्शन, प्रोजेक्टची देवाणघेवाण संपेपर्यंत लावू नका.

एकदा डिलिव्हरीच्या आदल्या रात्री मी अपडेटचं बटण दाबलं आणि मित्राच्या मशीनवर प्रोजेक्ट उघडेना. त्याने पहाटेपर्यंत कट पुन्हा बसवले. तेव्हापासून काम हातावेगळं होईपर्यंत ऑटो-अपडेट बंद. नवं व्हर्जन टाकायचंच झालं तर जुनं काढून टाकण्याच्या पर्यायावरची टिक आधी काढायची.

मग फुटेज. अनेक सोनी कॅमेरे क्लिपचं नाव सी०००१ पासून सुरू करतात, त्यामुळे दोन कार्डांवर एकाच नावाच्या दोन क्लिप सहज असतात आणि रिलिंक करताना, म्हणजे प्रोजेक्टला क्लिपची जागा पुन्हा दाखवताना, भलतीच क्लिप बसते. दिवस, रहाड आणि कॅमेरा यांची नावं इम्पोर्टच्या आधीच द्या. नंतर बदललीत तर सॉफ्टवेअरला क्लिप सापडणार नाहीत आणि तिन्ही टाइमलाइन लाल होतील. फोनचं फुटेज बहुधा बदलत्या फ्रेम रेटचं (सेकंदाला कमीजास्त फ्रेम) असतं, ते स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलूनच आत घ्या. आम्ही टाइमलाइन सेकंदाला २५ फ्रेमची ठेवतो. मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस फॉरमॅटची डिस्क मॅक नुसती वाचतो, तिच्यावर लिहू शकत नाही.

मराठी नावपट्ट्यांचं (चित्रावर येणाऱ्या नावांचं) वेगळं बघावं लागतं, आणि इथेच सर्वात जास्त वेळ जातो. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या लिपी सॉफ्टवेअरमधला मजकूर तो फाँट नसलेल्या मशीनवर निरर्थक चिन्हं होऊन दिसतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतात, त्यातला एक ठरवा आणि फाँटची फाइलच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. प्रीमिअरच्या अनेक व्हर्जनमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ निवडलं नसेल तर जोडाक्षरं फुटतात. तपासायला ‘त्र्यंबकेश्वर’ लिहून बघा, एका नजरेत कळतं. पट्टी पक्की झाली की पारदर्शक पार्श्वभूमीवर प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये काढून ठेवा, म्हणजे ती कोणत्याही मशीनवर तशीच दिसेल.

सॉफ्टवेअरच वेगळं असेल तर प्रोजेक्टऐवजी टाइमलाइनची एक्सएमएल फाइल द्या. त्यातून कट आणि क्लिपच्या जागा जातात. प्लगइन, नावपट्ट्या आणि ग्रेडिंग (रंगांचं काम) जाईलच असं धरू नका. ईडीएल, म्हणजे कटांची साधी यादी, तर एकाच व्हिडिओ ट्रॅकपुरती, म्हणून थरांचं एडिट तिच्यावर सोपवू नका. ताईला एएएफ (आवाजाच्या सॉफ्टवेअरला टाइमलाइन देणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, प्रत्येक क्लिपच्या दोन्ही टोकांना थोडा जादा आवाज ठेवून, आणि चित्र सुरू होण्याच्या २ सेकंद आधी एका फ्रेमचा बीप. या प्रत्येक पुडक्यासोबत टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ) चित्रावरच छापलेला एक साधा एमपी४ जायलाच हवा. समोरच्याच्या टाइमलाइनवर काय गळलं हे त्याला त्यावरूनच दिसतं.

रंगपंचमीआधी गल्लीत बुजवलेल्या रहाडीवरची माती उकरायला घेतात त्याच आठवड्यात एक मिनिटाचं कसलंही फुटेज तिन्ही मशीनवरून फिरवून परत आणा, नावपट्टी आणि आवाजासकट.