दुरुस्तीचा पैसा कोणत्या कामाला आधी? सोसायटीच्या कमिटीसाठी वाटपाची पद्धत

नौपाडा, कोपरी, वर्तकनगर किंवा वाशी-नेरुळमधल्या तीस वर्षांपुढच्या इमारतीत कामांची यादी बँकेतल्या शिलकीपेक्षा नेहमीच लांब असते. वरच्या मजल्याला गच्चीचं वॉटरप्रूफिंग हवं, तळमजल्याला आवारात पेव्हर ब्लॉक हवेत, कुणाला लॉबीच्या फरशा खुपतात, पंप तर दर महिन्याला जळतोच. अशा वेळी हात वर करून मतं घेतली की लॉबी जिंकते, कारण ती सगळ्यांना रोज दिसते. गच्ची फक्त वरच्या चार घरांना दिसते. म्हणून क्रम कसा लावायचा हे आधी कागदावर ठरवावं आणि कामांची नावं त्यानंतर घ्यावीत.

कोणत्या पाकिटात किती

खजिनदाराने पहिल्या बैठकीला एकच पान आणावं. त्यात दुरुस्ती व देखभाल निधी, मोठ्या दुरुस्तीचा निधी आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या मजबुतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला पैसा) यांची वेगवेगळी शिलक असावी, शिवाय प्रत्येक मुदत ठेवीची मुदत कधी संपते तेही. तिन्ही एकत्र मिसळून ‘आपल्याकडे इतके लाख आहेत’ असं सांगणं हीच पहिली चूक ठरते, कारण तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

आदर्श उपविधींनुसार (गृहनिर्माण सोसायट्यांच्या कारभाराचे नमुना नियम) दुरुस्ती निधीची वर्गणी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडाची किमान ०.२५ टक्के आहे. त्यात जमिनीची किंमत धरत नाहीत. पंप, टाकीची सफाई, तुटलेला पाइप अशी नेहमीची कामं दुरुस्ती निधीतून होतात. सिंकिंग फंडाला हात लावायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि काम इमारतीच्या मजबुतीचं किंवा मोठ्या दुरुस्तीचं आहे असा आर्किटेक्टचा दाखला हवा. सीसीटीव्ही, कमान, गणपतीचा मंडप यांपैकी काहीही त्यात बसत नाही.

हा ‘किमान’ दर फसवा आहे. समजा ४८ सदनिका आहेत आणि १९९४ च्या दाखल्यात प्रत्येकीचा बांधकाम खर्च ३ लाख लिहिलाय. सिंकिंग फंड वर्षाला सदनिकेमागे ७५० रुपये, म्हणजे सगळ्यांचे मिळून ३६,००० होतात. तीस वर्षांत मुद्दल फक्त १०.८ लाख जमतं. आजच्या मजुरीत एवढ्यात परांची बांधून एक बाजू नीट करतानाही ओढाताण होते. दर वाढवण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे. तो मोठं काम निघण्याच्या चार-पाच वर्षं आधी वापरला तरच उपयोग.

कमिटीला स्वतःच्या अधिकारात खर्चाची मर्यादाही आहे: २५ पर्यंत सभासद असतील तर २५,००० रुपये, २६ ते ५० असतील तर ५०,०००, त्यापुढे १ लाख. त्यावरच्या खर्चाला सभेची मंजुरी लागते. एकच काम तीन बिलांत तोडून ही मर्यादा चुकवायची युक्ती जुनी आहे आणि ऑडिटरच्या नजरेतून ती क्वचितच सुटते. सिडकोने बांधलेल्या बऱ्याच जुन्या इमारतींत सोसायटी नसून अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असते. त्यांनी हे आकडे गृहीत न धरता स्वतःच्या घोषणापत्रातले आणि उपविधींतले नियम पाहावेत.

पाहणी भर पावसात करा

मार्चमध्ये सगळ्याच भिंती कोरड्या दिसतात. पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये करावी. कमिटीतले दोघं आणि बाहेरचा एक सभासद यांनी प्रत्येक घरात जाऊन फोटो काढावा आणि सोबत घर क्रमांक, खोली, भिंतीची दिशा व ओल कधीपासून आहे ते लिहावं. पावसाने आठवडाभर उघडीप दिली तरी डाग तसाच ओला राहिला, तर संशय पावसावर नाही, नळाच्या किंवा ड्रेनेजच्या लाइनवर घ्यायचा. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्यात) रंग घातलेलं पाणी सोडून दुसऱ्या दिवशी खालचं छत बघितलं की उलगडा होतो.

खर्च कुणाचा, हे इथेच ठरतं. पावसाची गळती, गच्ची, बाहेरच्या भिंती, सामायिक पाणी आणि ड्रेनेज लाइन, टाक्या, जिना, कुंपणभिंत ही जबाबदारी सोसायटीची. वरच्याच्या बाथरूममधून खालच्याच्या छतात उतरणारं पाणी त्या सभासदाने बघायचं. ही कामं यादीतून सुरुवातीलाच वगळा, नाहीतर सामायिक निधीतून खासगी बाथरूमं नीट होतात आणि पुढच्या वर्षी दहा अर्ज येतात.

स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. तीस वर्षं पूर्ण झाली की महापालिकेला स्थैर्य प्रमाणपत्रही द्यावं लागतं. अहवालात इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक निघाली तर वाटपाचा प्रश्नच उरत नाही. इमारत रिकामी करून पुनर्विकासाचं बघायचं. सी-२अ मध्ये भाग रिकामा करून दुरुस्ती, सी-२ब मध्ये राहते असतानाच दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कामांना गुण देऊन क्रम लावायची कमिटीची वही (रीत पुढे दिली आहे) खऱ्या अर्थाने शेवटच्या दोन प्रकारांत कामाला येते.

अहवालात फक्त ‘कॉलम खराब’ असं असेल तर तो परत पाठवा. कोणता कॉलम, कोणत्या मजल्यावर, काँक्रीटचा दर्जा तपासणाऱ्या रीबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीत काय आलं, सळईचा गंज विजेच्या दाबावरून ओळखणाऱ्या हाफ-सेल चाचणीचं वाचन किती, हे हवं. हाफ-सेल वाचन उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर आतली सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. खाडीकाठच्या इमारतींत हे सर्रास आढळतं. खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरतात, सळईवरचं संरक्षण जातं, गंज फुगतो आणि काँक्रीट आतून फोडतो. बाहेर दिसणारी सळईच्या रेषेतली भेग हा या क्रमातला शेवटचा टप्पा असतो, त्यामुळे तिच्यावर नुसतं क्रॅकफिलर भरून रंग मारणं म्हणजे पैसे पाण्यात.

गुण देण्याची रीत

माणसाच्या डोक्यात पडू शकेल अशा गोष्टीला गुण द्यायचे नाहीत. सुटलेला छज्जा, लोंबणारं प्लास्टर, उघडी वायर, झिजलेला लिफ्टचा रोप ही कामं यादीबाहेर काढून आधी करायची आणि तोवर खालची जागा दोरी बांधून बंद ठेवायची.

उरलेल्यांना शंभरपैकी गुण. पाणी आत शिरतंय का, याला ४०. वर्षभर थांबलो तर खर्च किती फुगेल, याला ३०. किती घरांना किंवा सामायिक भागाला फायदा, याला २०. आणि दुसऱ्या कामाच्या ओघात हे स्वस्तात उरकेल का, याला १०. शेवटचा मुद्दा छोटा वाटतो, पण परांचीचं भाडं मोठं असतं. भिंतीच्या दुरुस्तीसाठी ती बांधलीच आहे तर त्याच वेळी गंजलेले ड्रेनेज पाइप बदलणं आणि बाहेरचा रंग उरकणं शहाणपणाचं. नुसत्या रंगासाठी परांची बांधू नये.

वरच्या ४८ घरांच्या उदाहरणात गच्चीला ४०, ३०, ६ आणि ४ असे ८० गुण पडतील. ड्रेनेज पाइपांना ३०, २५, १५ आणि १० धरून तेही ८०. लॉबीच्या फरशांना पहिल्या दोन रकान्यांत शून्य, मग २० आणि फार तर ५. कमिटीतल्या प्रत्येकाने गुण स्वतंत्र कागदावर द्यावेत आणि मग सरासरी काढावी. एखाद्या कामावर दोघांच्या गुणांत वीसहून जास्त फरक पडला तर चर्चा थांबवून जागेवर जाऊन बघा. ज्याच्या घरावर गळतं त्याने त्या कामाला गुण देऊ नयेत. ज्याचा नातेवाईक ठेकेदार आहे त्याने तर त्या विषयाला खोलीबाहेर बसावं आणि इतिवृत्तात तसं लिहावं.

गच्चीबाबत एक इशारा. जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा पाणी अडवणारा थर) नवा कोबा चढवणं स्वस्त पडतं म्हणून सुचवलं जातं. १०० मिलिमीटर जाडीचा वीटतुकड्यांचा कोबा चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन टाकतो. दोन थर आधीच असतील तर तिसऱ्याचा विचारच नको. जुना काढून उतार नव्याने, साधारण १०० ला १, द्यायला लावा आणि काम झाल्यावर पाणी अडवून किमान ४८ तास चाचणी घ्या.

सभा आणि टेंडर

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायचीच असते, त्यामुळे वेळ आपोआप जुळते: पावसात पाहणी, ऑगस्टअखेर गुण, सप्टेंबरमध्ये मंजुरी, ऑक्टोबरमध्ये टेंडर, नोव्हेंबर ते मे काम. मार्चमध्ये जागं होणाऱ्या कमिटीची परांची जूनमध्ये भिजत उभी राहते. वार्षिक सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस, विशेष सभेला ५. गणपूर्ती सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांतला जो आकडा कमी असेल तो.

ठरावात ‘दुरुस्तीस मंजुरी’ एवढंच लिहिलं तर वर्षभर वाद चालतो. असं लिहा: ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग व पश्चिम बाजूच्या भिंतीची दुरुस्ती, जीएसटीसह कमाल खर्च इतका, वाढीव कामासाठी १५ टक्के राखीव, रक्कम सिंकिंग फंडातून इतकी व मोठ्या दुरुस्तीच्या वर्गणीतून इतकी, वर्गणी क्षेत्रफळानुसार आठ हप्त्यांत.’ सगळा सिंकिंग फंड एकाच कामात रिकामा करू नये. पाव हिस्सा तरी मागे ठेवावा आणि मुदत ठेवी एकदम मोडण्याऐवजी बिलांच्या तारखांनुसार मोडाव्यात.

दर कन्सल्टंटने (दुरुस्तीसाठी नेमलेल्या सल्लागाराने) केलेल्या कामाच्या मोजमापी यादीवरच मागवा. ‘पूर्ण इमारत, ठोक इतके लाख’ अशी कोटेशनं एकमेकांशी ताडून बघताच येत नाहीत. पाकिटं इच्छुक सभासदांसमोर फोडा आणि तक्त्यात सगळ्यांचे दर जीएसटी धरून किंवा सगळ्यांचे वगळून मांडा. सगळ्यात स्वस्त दर जिथे पॉलिमर मॉर्टरच्या (खराब काँक्रीट भरून काढायचं, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) रकान्यात आहे तिथे थांबा, कारण गडबड बहुधा तिथेच होते.

काम सुरू झाल्यावर

प्लास्टर फोडण्याआधी कन्सल्टंट, ठेकेदार आणि कमिटीचा एक माणूस यांनी परांचीवर चढून हातोडीने भिंत ठोकायची. चांगलं प्लास्टर टणक वाजतं, सुटलेलं बद्द. बद्द वाजेल तेवढा भाग खडूने आखून तिथेच मोजायचा आणि तिघांनी सह्या करायच्या. ही सही नसली की १,२०० चौरस फुटांचं काम बिलात २,००० होतं आणि तोवर भिंतीवर रंग चढलेला असल्याने मोजायला काही उरत नाही. अर्थात अंदाजापेक्षा खरोखरच जास्त काम निघू शकतं, राखीव १५ टक्के त्यासाठीच आहेत.

पॉलिमर मॉर्टरमध्ये सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीला साधारण ७.५ ते १० किलो पॉलिमर लागतं. नेमकं प्रमाण डब्यावर छापलेलं असतं. रिकामे डबे आणि रिकाम्या गोण्या आवारात साठवून आठवड्याला मोजा. ५० गोण्यांना चारशे किलोच्या आसपास पॉलिमर हवं आणि डबे शंभर किलोचेच निघाले, तर ते मॉर्टर जवळजवळ साधं सिमेंट-वाळूचंच आहे. वॉचमनला सांगून ठेवा की सह्या झाल्याशिवाय भंगारवाल्याला डबे द्यायचे नाहीत.

आगाऊ रक्कम १० टक्क्यांपुढे नको आणि ती प्रत्येक बिलातून प्रमाणात वळती करा. बिल कन्सल्टंटने मोजमाप तपासल्यावरच द्यावं. टीडीएस (बिलातून कापून भरायचा आयकर) ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २ टक्के. प्रत्येक बिलातले ५ टक्के अडकवून ठेवा आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडा. काम मे महिन्यात संपलं म्हणून जूनच्या पहिल्या सरीनंतर ठेकेदार ते मागायला येतो. करारात ‘एक पावसाळा’ म्हणजे ३० सप्टेंबर असं तारखेने लिहिलेलं असेल तर त्याला करार दाखवून परत पाठवता येतं.

काम मंजूर रकमेपेक्षा कमीत झालं तर उरलेले पैसे ज्या निधीतून आले त्यातच परत जातात. ‘राहिलेत तेवढ्यात लॉबी करून टाकू’ असं कुणीतरी म्हणणारच. त्यासाठी वेगळा ठराव आणि वेगळे गुण लागतील, आणि ते सिंकिंग फंडाचे पैसे असतील तर ठराव करूनही लॉबी होणार नाही.