अगोटीआधी डिस्पोजलचा माल घेताय? आधी वास घ्या

मे निम्मा सरला की आपल्याकडे अगोटीची धावपळ सुरू होते. लाकडं पडवीत रचायची, सुकट-सोडे उन्हं दाखवून डब्यात भरायचे, कुळीथ, पोहे, आमसुलं, मीठ, काड्यापेट्या, पुढे बाजाराला जाता आलं नाही तरी घर चाललं पाहिजे असा सगळा हिशोब. खाण्याच्या बाबतीत कोकणातल्या घराला तयारी शिकवायची गरजच नाही. पण २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या घरात खायला भरपूर होतं आणि डोक्यावर टाकायला धड काही नव्हतं. म्हणजे ताडपत्री होती, मिलिटरी डिस्पोजलच्या म्हणजे लष्कराचं काढून टाकलेलं जुनं सामान विकणाऱ्या एका दुकानातून आणलेली, जाडजूड हिरव्या कॅनव्हासची, उचलायला दोन माणसं लागायची. कौलं उडाल्यावर ती वर ओढली आणि घडीच्या रेषेवर टर्रकन फाटली. आई आणि लहान पोरं ती रात्र माजघराच्या एका कोपऱ्यात बसून होती, ते काय मी विसरणार नाही. त्यानंतर जुना माल घेणं मी सोडलं नाही, सगळं नवं घ्यायला पैसे कुठून आणायचे, पण घ्यायची पद्धत बदलली, तीच इथे लिहितोय.

आपल्या किनाऱ्यावर वस्तू वापरून झिजते त्याच्यापेक्षा जास्त ओल आणि खारी हवा खाऊन मरते. कोरड्या मुलखात वर्षानुवर्षं टिकलेला माल इथे दोन पावसाळ्यांत बसतो. म्हणून "मिलिटरीचा आहे, मजबूतच असणार" हे दुकानदाराचं वाक्य ऐकून सोडून द्यायचं, एक तर बराचसा माल नुसता हिरव्या रंगाचा असतो, मिलिटरीशी त्याचा संबंध नसतो, आणि खरा असला तरी तो कुठल्या गोदामात किती वर्षं दमट पडून होता ते कोणी सांगत नाही. माझा हिशोब सरळ आहे, नव्याच्या निम्म्याहून जास्त किंमत सांगितली तर मी नवंच घेतो.

माल कुठे बघायचा? मुंबईत दारूखान्यात जहाजं तोडून निघालेलं सामान मिळतं, चोर बाजार आहे, पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पण मी सगळ्यात आधी आपली जेटी बघतो, हर्णै म्हणा, मिरकरवाडा म्हणा. १ जूनपासून मासेमारी बंद होते, होड्या वर ओढतात, तेव्हा जुने दोर, जाळी, बोये, पिंपं स्वस्तात निघतात, आणि तो माल खाऱ्या पाण्यात पास होऊन आलेला असतो. जुनं जाळं तर घ्याच. कौलांवर वांदरांसाठी टाकतो तेच जाळं चारी बाजूंनी वाशांना घट्ट आवळून बांधलं तर वाऱ्यातपण उपयोगी पडतं. दोर घेताना पिळाचे पदर उकलून आत बघा, बाहेरून उन्हाने पांढरट झालेला चालेल, पण आतले धागे भुगा होऊन बोटाला लागत असतील तर तो दोर सामान बांधायला पण नको, माणसाच्या जिवावर तर नाहीच नाही.

आता ताडपत्रीचं, कारण तिथेच मी फसलो. कॅनव्हास असेल तर पहिलं नाक लावायचं, कुबट वास आला की आत बुरशी आहे आणि सूत कुजायला लागलंय, मग वरून कितीही जाड दिसू दे. मग घडी पूर्ण उघडायला लावा, दुकानदार कुरकुर करेल, करू दे. घडीच्या रेषेवर दोन अंगठे शेजारी शेजारी ठेवून जोरात ताणा, करकर आवाज आला किंवा उजेड दिसला की ठेवून द्या. लोखंडी रिंगा असतील तर त्यांच्याभोवतीचं कापड बघा, गंज कापड खातो आणि वाऱ्यात पहिली तीच जागा फाटते. खरं सांगायचं तर छपरासाठी मी आता जुना कॅनव्हास घेतच नाही, नवीन सिल्पोलिन, म्हणजे प्लास्टिकची ताडपत्री, २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घेतो, आणि लाकडं-पेंढा झाकायला निवडणुकीनंतर उतरवलेले फ्लेक्स, ते कोणाला हवेच नसतात.

पाण्याची पिंपं हा दुसरा विषय जिथे स्वस्ताईत जीव जाऊ शकतो. लोटे, महाड अशा केमिकल एमआयडीसी जवळ असल्यामुळे आपल्याकडे निळी पिंपं बक्कळ मिळतात, २०० लिटरची, दिसायला चकाचक. आत काय होतं ते कळल्याशिवाय पिण्याच्या पाण्याला एकही वापरायचं नाही, सोडा टाकून धुतलं, आठवडाभर उन्हात ठेवलं, तरी नाही, प्लास्टिक काही गोष्टी पिऊन बसतं आणि नंतर हळूहळू सोडतं. ती पिंपं गुरांना पण नकोत. लेबल खरवडलेलं असलं तर समजून जा. खाण्याच्या मालाचं पिंप असल्याची खात्री असेल तरच प्यायला, आणि तळाशी त्रिकोणात २ आकडा आहे का बघा, म्हणजे ते एचडीपीई जातीचं प्लास्टिक. माणशी दिवसाला प्यायला तीनेक लिटर धरा, स्वयंपाक, धुणं, आंघोळ मिळून १५ लिटर. पूर आला की विहीर खराब होते, २०२१ च्या २२ जुलैला चिपळूणात सगळीकडे पाणी आणि प्यायला घोटभर नाही अशी गत झाली होती. पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून, आशाताईंकडून आधीच विचारून घ्या, किती टाकायची ते त्याच सांगतील. औषधात जुनं-स्वस्त काही बघायचं नाही. टीसीएल पण उघडी राहिली की तिचा जोर जातो.

होडी असलेल्यांसाठी लाईफ जॅकेट. जहाजावरची जुनी जॅकेटं दारूखान्यात मिळतात आणि चांगली असतात, पण फोम दाबून बघा, दाबलेला खड्डा परत भरला नाही तर सोडा, पट्ट्याची शिवण नखाने ओढा, आणि घरी आणल्यावर कमरेएवढ्या पाण्यात घालून बघा, तासभर पाण्यात ठेवून जड होतंय का तपासा. हवेने फुगणारं जॅकेट जुनं कधीच घेऊ नका. जहाजावरचे संकटाचे फ्लेअर, म्हणजे पेटवून इशारा द्यायची नळकांडी, विकायला ठेवलेले दिसतात, त्यांची मुदत साधारण ३ वर्षं असते, मुदत गेलेले घरात ठेवणंच धोक्याचं.

बुटांच्या बाबतीत एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. न वापरता ठेवलेले बूट पण मरतात. पीयू (पॉलीयुरेथेन) सोलचे बूट दमट जागी पडून राहिले की सोल आतून पिकतो आणि पहिल्या चालीत तुकडे पडतात. म्हणून जुने घेताना रबराचा शिवलेला सोल बघा, वाकवून चिरा पडतात का ते तपासा. चिखलाला आपले गमबूट बरे, सिंधुदुर्गात लेप्टोचा (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) त्रास माहीत आहेच, पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरायचं नाही. फुरसं हा विषारी साप असलेल्या कातळावर घोट्याच्या वर जाणारा बूट आणि हातात बॅटरी या दोन गोष्टींना पर्याय नाही. आणि बूट सकाळी झटकून मगच घाला, विंचू आपल्याकडे किती जीव घ्यायचा ते जुन्या माणसांना विचारा, महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रूढ केला म्हणून आता माणसं वाचतात.

बंदुकीच्या गोळ्यांच्या रिकाम्या लोखंडी पेट्या मिळाल्या तर सोडू नका. झाकणाच्या आतली रबराची कड शाबूत आहे ना बघा आणि बादलीत बुडवा, बुडबुडे आले नाहीत तर सातबारा, आधार, पासबुकं, दागिन्यांच्या पावत्या सगळं त्यात. बाहेरून दरवर्षी रेडऑक्साइड मारायचा. पिठ्ठू बॅग, कांबळं, मच्छरदाणी हे पण डिस्पोजलमध्ये चांगलं मिळतं, फक्त चेन आणि बक्कल पितळी किंवा प्लास्टिकचं बघा, लोखंडी चेन इथे एका पावसात जाम होते. मिलिटरीच्या कपड्यांपासून मात्र लांब राहा, २०२२ पासूनचा नवा कॉम्बॅट ड्रेस बाहेर विकायलाच परवानगी नाही, आणि सैनिक असल्याचं भासवून वर्दी घालणं गुन्हा आहे. जुने वायरलेस सेट पण नकोत, ४४६ मेगाहर्ट्झवाले कमी ताकदीचे वॉकीटॉकी बिनापरवाना चालतात, बाकीच्यांना लायसन लागतं. त्यापेक्षा सेलवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर घ्या, पण आपल्या गावात आकाशवाणी नीट लागते का ते लावून बघून मगच. निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाईलचे टॉवर पण बंद होते.

राहिली बंदूक. अमेरिकेत लष्कराच्या जुन्या रायफली लोक दुकानातून घेतात, ते व्हिडिओ बघून आपली पोरं विचारतात म्हणून लिहितो. इथे तसं काही नाही, .३०३ आणि ७.६२ या लष्करी मापाची रायफल सामान्य माणसाला मिळतच नाही, आपल्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची किंवा १२ बोअर, एवढंच. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, २०१९ च्या दुरुस्तीपासून एका माणसाकडे जास्तीत जास्त २ बंदुका. आजोबांची बंदूक असेल आणि ते गेले असतील तर ती घरात तशीच ठेवू नका, पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करा आणि वारसाने अर्ज करा. जुनी विकत घेताना आधी परवाना, मग बंदूक, नंबर कागदाशी जुळवा आणि नळीला आतून गंजाचे खड्डे आहेत का ते परवानाधारक दुकानातल्या कारागिराला दाखवा. रेक्झिनच्या कव्हरात ठेवू नका, आत ओल धरते, पावसात दर आठवड्याला तेलाचा हात, आणि काडतुसं वेगळ्या कुलपात. बिनपरवान्याची गावठी बंदूक आणि डुकरासाठी ठेवतात ते गावठी बॉम्ब, यांनी आपल्याच लोकांचे हात गेलेत, गुरं मेलीत. रानडुक्कर मारायला पण वनखात्याची परवानगी लागते. आणि निवडणूक आली की बंदूक जमा करावी लागू शकते, म्हणून तिच्या भरवशावर तयारी करू नका, मला तर वादळात किंवा पुरात बंदुकीची गरज पडलेली माहीत नाही.

निसर्गच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतून मुख्य रस्त्यापर्यंत माड, पोफळी, आंबे आडवे पडले होते आणि पेशंटला बाहेर काढायचं होतं. तेव्हा चालली ती लोहाराकडची कोयती, कुऱ्हाड, करवत आणि एकाच घरी असलेलं झाडं कापायचं कटर मशीन (चेनसॉ). तसलं जुनं मशीन घ्यायचं तर थंड असताना स्वतः दोरी ओढून चालू करा, दुकानदाराने आधीच गरम करून ठेवलं असेल तर थांबा, थंड होऊ द्या. चालू असताना बारचं, म्हणजे ज्यावर साखळी फिरते त्या पात्याचं, टोक पांढऱ्या कागदावर धरा, साखळीचं तेल उडून कागदावर डाग पडला पाहिजे. एक जादा साखळी आणि कानस सोबत ठेवा, आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, लाकडं रचून झाली की, एकदा चालवून बघा.