ब्लाउज येतो? मग जीन्सही येईल

अस्तराचा कटोरी ब्लाउज सफाईने शिवणाऱ्या बायका जीन्सचं नाव काढलं की "छे, ते कारखान्याचं काम" म्हणतात. मला हे कधीच पटलेलं नाही. कटोरी ब्लाउजमध्ये सूतभर इकडचं तिकडे झालं तरी अंगावर दिसतं. डेनिम जाड, आकार धरून राहणारं कापड. सुळसुळत नाही, हातातून निसटत नाही. जीन्स अडते ती दोनच ठिकाणी. एक, आसनाच्या, म्हणजे दोन पाय जुळतात त्या भागाच्या गोलाईत. दोन, कापडाचे थर साठतात तिथे. आणि चेन? तिला सगळे उगाचच घाबरतात.

आधी कापड. डेनिमचं वजन औंसांत सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. पहिल्या जीन्सला 10 ते 11 औंस, म्हणजे साधारण 340 ते 370 जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), बास झालं. 14 औंसाचं दणकट कापड हाताला छान लागतं, पण घरगुती मशीनची मोटर बेल्टपट्टीवर येऊन कण्हायला लागते. पूर्ण सुती घ्या किंवा जेमतेम 1 टक्का लायक्राचं. 58 इंची पन्ह्याचं दीड-पावणेदोन मीटर पुरतं, तरी आटण्याचा हिशेब धरून दोन मीटर घ्यावं. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट आहेच. उल्हासनगर तर जीन्सच्या शिलाईचंच गाव. दुकानदार औंस सांगू शकला नाही तर चार पदरी घडी करून चिमटीत दाबून बघा. तेवढी जाडी तुमच्या मशीनखाली रोज जायची आहे.

कापायच्या आधी कापड दोनदा धुवा, गरम पाण्यात. रंग पक्का व्हायला मीठ घाला, तुरटी घाला असे सल्ले हमखास मिळतील. त्याचा उपयोग नाही. डेनिमचा फक्त उभा धागा नीळ घातलेला असतो, आडवा पांढरा. आणि ती नीळही धाग्याच्या वरवरच बसलेली असते, गाभा कोराच. घासली की ती उतरणारच. धुवायचं ते आटण्यासाठी, आणि पाय पिरगळू नयेत म्हणून. डेनिमची वीण तिरकी असते, धुतल्यावर कापड एका बाजूला ओढलं जातं. ते जे काय व्हायचं ते कापायच्या आधी होऊन जाऊ दे.

पॅटर्नसाठी माझं मत अगदी स्पष्ट आहे: नीट बसणारी जुनी जीन्स उसवा. पण एकच पाय उसवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. उसवलेल्या पायावरून खाका मिळतो आणि शिवलेला पाय कुठली शिलाई आधी, कुठली नंतर हे सांगत राहतो. दाब (शिलाईच्या बाहेर सोडलेलं कापड) किती, दुमड कुठल्या बाजूला, सगळं समोर. एवढं मात्र बघा की जुनी ताणणारी असेल तर नवं कापडही तितकंच ताणणारं हवं.

आता मागचा योक, म्हणजे बेल्टपट्टीखालचा तो वेगळा जोडलेला तुकडा. ब्लाउज येणाऱ्यांना ही गोष्ट चटकन कळेल: योक म्हणजे लपवलेला टक. कमरेपाशी जो टक घातला असता तोच त्या तिरक्या शिलाईत गिळलेला असतो. तयार जीन्स मागून सुटते, वाकलं की आख्खी मूठ आत जाते, हे दुखणं बहुतेक जणींचं. त्यावर उपाय बेल्ट आवळणं हा नव्हे. योकच्या वरच्या कडेतून, मधल्या शिलाईपाशी, निमुळती फाक काढून टाकायची आणि बेल्टपट्टी सरळ न कापता योकच्या वरच्या कडेसारखीच गोलाईत कापायची. एवढ्याने चित्र पालटतं.

आसन तपासायला मांजरपाट फारसा कामाचा नाही, तो डेनिमसारखा वागत नाही. ड्रिल नावाचं स्वस्त, जाड सुती कापड घ्या. किंवा खऱ्या कापडालाच बाजूच्या शिलाया लांब टाक्यांच्या कच्च्या मारून घालून बघा. आरशासमोर नुसतं उभं राहू नका. जिना चढा, खुर्चीत बसा, मांडी घालून बसा. आपल्याकडे जीन्सची खरी परीक्षा तिथे होते. आसनापासून मांडीकडे मिशांसारख्या सुरकुत्या फुटल्या तर आसनाची लांबी कमी पडते आहे. बसल्यावर मागची शिलाई खाली ओढली जात असेल तर मागच्या भागाचं आसनाचं टोक अर्धा इंच पुढे वाढवावं लागतं. म्हणून कापतानाच बाजूला आणि आसनाला एकेक इंच दाब ठेवा.

सुई जीन्सची, 16 नंबर. वरच्या नारिंगी शिलाईला 18. जाड दोरा फक्त वर, बॉबिनमध्ये साधाच. टाका साडेतीन ते चार मिलिमीटर. जाड दोरा मशीनला झेपत नसेल तर साध्या दोऱ्याचे दोन पदर एकाच सुईत ओवा. घरात काळी पायमशीन पडून असेल तर ती बाहेर काढा. एकेक टाका मोजून घालायला तिच्यासारखी दुसरी नाही.

चेन पितळी दातांची, लागते त्यापेक्षा लांब घ्या. बेल्टपट्टीच्या शिलाईत येणारे दात पक्कडीने एकेक उपटून काढा, नाहीतर सुई मोडलीच म्हणून समजा. बाकी चेन बसवणं तासाभराचं काम.

रिव्हेट, म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेल्या त्या धातूच्या टिकल्या, मिळाले नाहीत म्हणून अडून राहू नका. फाटणाऱ्या खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकायची युक्ती अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याची. त्याचं आणि कापडव्यापारी लिव्हाय स्ट्रॉसच्या कंपनीचं पेटंट 1873 चं. पण पुढे मागच्या खिशांचे रिव्हेट खुर्च्या खरवडतात म्हणून कंपनीनेच काढले आणि घट्ट टाक्यांवर भागवलं. तुमचा दाट झिगझॅगही चालेल. काज घरी जमत नसेल तर बाजारातल्या काज-बटणवाल्याकडे द्या.

बॉटम, म्हणजे पायाची खालची दुमड, सर्वांत शेवटी, जीन्स एकदा धुऊन, पायात चपला घालून मापा. दुमडल्यावर बाजूच्या शिलाईपाशी थरांचा ढीग होतो. तिथे आधी जाड फडकं ठेवून हातोडीने ठोकून तो भाग चपटा करा. शिलाई उंचवट्यापाशी आली की मशीनचा फूट (कापड दाबून धरणारा पाय) पुढून वर उचलतो, मशीन घसरते आणि टाके बारीक पडतात. अशा वेळी सुई कापडात रुतलेली ठेवून फूट उचला, त्याच्या मागे डेनिमच्या तुकड्याची तेवढ्याच जाडीची घडी सरकवा, फूट खाली टाका. आता तो सपाट बसेल. पायडल सोडा, चाक हाताने फिरवत पाच-सहा टाके घाला. उंचवटा ओलांडला की घडी काढून पुढे नेहमीसारखं चालवा. मग आतल्या शिलाईपाशी पुन्हा हेच, आणि दुसऱ्या पायाला परत पहिल्यापासून.